एका थुंकीचे दोन नमुने

तिचं खरं नाव गल्लीत फारच थोड्यांना ठाऊक होतं. सगळे तिला तुरतुरी म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे, कारण नाव बरोबर होतं. ती येताना कुणाला दिसत नसे. ती आलेली असे, बोललेली असे आणि निघून गेलेलीही असे. समोरचा माणूस मागाहून विचार करत बसे, की ही नेमकं काय म्हणाली. लग्न का नाही केलंस असं कुणी विचारलं तर म्हणे, "कुणी विचारायच्या आत मी तिथून गेलेली असायचे."

साठी ओलांडली तरी तिची चाल कमी झाली नव्हती. वडिलांनी सुरू केलेलं दुकान ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून चालवत. जुने सोफे, खुर्च्या, डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलांवरच्या गाद्या, असं सगळं उसवून नव्यानं भरून द्यायचं काम. पुढच्या खोलीत कापडाचे तागे, मोठं कापायचं टेबल आणि शिलाई यंत्र. ती खोली तिची. मागच्या खोलीत घोड्यांवर, म्हणजे उंच तिवयांवर, ठेवलेले लाकडी सांगाडे, स्प्रिंगा, काथ्याच्या गाठी, फोमचे पांढरे ठोकळे. ती भावाची. दोन्ही खोल्यांच्या मधल्या चौकटीला दार नव्हतं. वडिलांनीच ते काढून टाकलं होतं. उघडण्याबंद करण्यात वेळ जातो म्हणून.

वडीलही तसेच होते, तुरतुरीसारखे. थंडीत खिडक्या सताड उघड्या ठेवणारे, जेवताना अर्धे उठलेले, झोपेत पाय हलवणारे. हृदयानं अकाली दगा दिला आणि हातोडी हातात असतानाच ते गेले. लोक म्हणाले, घाईत जगले, घाईत गेले. लोकांना बोलायला काय जातं.

भाऊ मात्र वेगळ्या मातीचा. उंच, शांत, हलत-डुलत काम करणारा. त्याला सगळे खिळ्या म्हणत. सोफ्याचं कापड सांगाड्यावर ताणून ठोकायचं तर एक हात कापडावर आणि एक हात हातोडीवर असतो, मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. बारीक खिळ्यांची मूठ तोंडात टाकायची, जिभेनं एकेक फिरवून ओठांवर आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकाच्या टोकानं उचलायचा आणि ठोकायचा. जुने कारागीर असंच करत. आता हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं आली, पण खिळ्याला ती पटली नाहीत. सकाळी चहा झाला की त्याच्या तोंडात खिळे जात, ते जेवायलाच बाहेर येत. त्यामुळे तो दिवसभर बोलत नसे. बहीण दोघांच्या वाटचं बोलून घेई.

लहानपणी वडील त्याच्या मागे उभे राहून म्हणत, "अरे, तो खिळा आहे, पाहुणा नाही. इतक्या आदरानं काय बसवतोस त्याला?" खिळ्या पुढचा खिळा तितक्याच सावकाश बसवी. त्याचं काम नीट होई, सुरेख होई, पण होता होता होई. गिऱ्हाइकांना तारखा सांगणं आणि त्या पुढं ढकलणं हे बहिणीचं कायमचं काम होऊन बसलं होतं. तीही घालूनपाडून बोलायला कमी करत नसे. एकाच आईच्या पोटी असा गोगलगाय कसा आला, हे ती त्याच्यादेखत गिऱ्हाइकांना विचारी.

आणि मग दोन वर्षांपूर्वी खिळ्या बदलला.

प्रथम कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग एक दिवस तीन आसनी सोफा सांगितल्या तारखेच्या आधी तयार झाला आणि तुरतुरी कापड टाकून मागच्या खोलीत येऊन बघत राहिली. हातोडी अशी पडत होती जशी वडिलांची पडायची. पुढच्या आठवड्यात त्यानं खिडक्या उघडल्या. तो भराभर बोलायला लागला, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागला. जुनी गिऱ्हाइकं म्हणाली, "वडिलांचा हात उतरला बघा पोराच्या हातात." पोरगं पंचावन्नचं होतं, पण असं काही ऐकायला वय लागत नाही. तो हे ऐकून फुलला. जन्मभर ज्या घरात आपण उपरे असं वाटलं, त्या घराचा तो एकदाचा झाला.

एकट्या वहिनीला ते आवडलं नाही. वहिनी म्हणजे त्याची बायको. बोलायला बेताची, पण नजर पक्की. ती म्हणाली, "वन्सं, ह्यांची विजार बघितलीत? पट्ट्याला नवं भोक पाडून दिलंय मी. दोघांचं जेवतात आणि रोज वाळतात. रात्री अंथरूण ओलं होतं घामानं."

"काम करतोय म्हणून घाम येतोय. आधी करत नव्हता."

"झोपेत कोण काम करतं?"

वहिनीनं त्याला डॉक्टरकडे नेलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करतेय असं निघालं. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी आवरलं नाही तर पुढं ग्रंथी जाळून टाकायचं औषध प्यावं लागेल, असंही डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी आवरलं. हातोडी परत सावकाश पडायला लागली. खिळ्या गोळी घेताना असं तोंड करी, की जणू कुणी त्याचं काहीतरी काढून नेतंय.

अशात वस्तीत एक तपासणी आली. आरोग्य केंद्राच्या लोकांनी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत टेबलं मांडली आणि सांगितलं, की थायरॉइडचे जन्मजात, आई-बापाकडून आलेले दोष शोधायचे आहेत, त्यासाठी सरसकट सगळ्यांची तपासणी, धडधाकट माणसांचीसुद्धा. प्रत्येक घरी, प्रत्येक दुकानात प्लास्टिकच्या नळ्या देऊन गेले. नळीत रेघेपर्यंत थुंकायचं, झाकण लावायचं, संध्याकाळी माणूस येऊन घेऊन जाईल. एकच अट होती. त्याआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही.

आता खिळ्याचं तोंड अर्धा तास रिकामं! त्यानं सकाळी प्रयत्न केला. खिळे बशीत काढून ठेवले, घड्याळाकडं बघत बसला, आणि बोलता बोलता हात आपोआप बशीकडं गेला. परत पहिल्यापासून. दुपारी पुन्हा तेच. चौथ्या वेळी कसाबसा बसला, तर घशाला कोरड पडली. नळीत फेसाचा एक ठिपका. संध्याकाळी न्यायला माणूस येऊन दारात उभा.

"आण इकडे," तुरतुरी म्हणाली. तिची नळी केव्हाच भरून झाकली होती. तिनं मागच्या मागं वळून भावाचीही भरून टाकली. "घे. एका आईची लेकरं आपण. यांना काय, थुंकी मिळाल्याशी मतलब."

खिळ्यानं मान हलवली. त्याच्या तोंडात तोवर खिळे परत गेले होते.

काही आठवड्यांनी तिला केंद्रातून बोलावणं आलं. समोर बसलेली डॉक्टरीणबाई वयानं तिच्या भाचीएवढी असेल, पण घाबरणारी नव्हती.

"तुमच्यात एक बदल सापडलाय," ती म्हणाली. "ग्रंथी जो रस तयार करते ना, तो शरीरानं ऐकायचा असतो. तुमच्या शरीराचे कान त्या बाबतीत थोडे जड आहेत. म्हणून ग्रंथी मोठ्यानं बोलते. रक्तात तो रस जास्त दिसेल, पण ते ग्रंथीचं दुखणं नाही. तुमची जन्मजात ठेवणच तशी आहे."

"आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. मला त्रास काय आहे?"

"तुम्हीच सांगा."

तुरतुरीनं विचार केला. तिला त्रास काहीच नव्हता, त्रास होता तो आजूबाजूच्यांना. छाती लहानपणापासून भरभर चालायची, सगळ्यांचीच तशी चालते असं ती समजत होती. उकाडा सोसत नसे. एका जागी बसवत नसे.

"मग शोधता कशाला? न दुखणारं उकरून काढायचं आणि माणसाला घोर लावायचा?"

"आजवर जे आजारी होऊन दवाखान्यात आले तेवढेच आम्ही पाहिले," डॉक्टरीणबाई म्हणाली. "त्यामुळे वाटायचं, हा बदल असला की माणूस आजारी पडतोच. आता कळतंय, तुमच्यासारखे कितीतरी आहेत जे कामधंदा करून मजेत आहेत. पण यातल्याच एखाद्याचं रक्त कुणी तपासलं, आकडा वाढलेला दिसला, आणि चांगली ग्रंथी दुखरी समजून जाळून टाकली, तर तो माणूस जन्माचा गोळ्यांना बांधला जातो, आणि तेवढ्या गोळ्यांनीही भागत नाही. ते टाळायचंय. तुम्ही वर्षातून एकदा हृदय दाखवून घ्या. बाकी काही करायचं नाही."

तुरतुरीच्या डोक्यात वडील येऊन गेले. पण डॉक्टरीणबाईचं संपलं नव्हतं.

"आता दुसरं. तुमच्या भावाचा नमुना आलाय. तो बाईचा आहे."

"काय?"

"आणि ती बाई तुम्ही आहात."

"माणसानं मदत करू नये का?" तुरतुरी म्हणाली.

"करा ना. शिवणकामात करा." डॉक्टरीणबाई हसली नाही, पण हसायची राहिली एवढंच. "सख्खी भावंडं असली तरी वाटणी सारखी होत नाही. तुमच्यात आलं ते त्यांच्यात आलं असेल, नसेलही. दोन्ही शक्य आहे. त्यांना गोळ्या चालू आहेत ना? त्या बंद करायच्या नाहीत. त्यांना घेऊन या, त्यांची स्वतःची थुंकी द्यायला सांगा, आणि आधीचे रक्ताचे रिपोर्ट आणा. मग बोलू."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं. आणि तुरतुरीनं काय केलं? तिनं जे आयुष्यभर केलं तेच. दुकानाच्या पायरीवरूनच सुरुवात केली. "अरे, माझ्यात आहे! जन्मापासून! रस जास्त असतो, पण तो आजार नाहीच. औषध लागत नाही. आणि ग्रंथी जाळायची तर अजिबात नाही, ते फार वाईट!" अर्ध्या बातमीवर श्वास घ्यायला ती थांबली, आणि तेवढ्यात खिळ्या उठून उभा राहिला होता. त्यानं तोंडातले खिळे तळहातावर काढले. तो रडवेला झाला होता.

"बाबांचंच," तो म्हणाला. "ताई, हे बाबांचंच आहे. तुझ्यात आलं, माझ्यात जरा उशिरा आलं."

"अरे, पण तुझं अजून..."

"तरी मी म्हणत होतो, की मला काही झालेलं नाही."

मग तिनं राहिलेली अर्धी बातमी सांगितली. नीट सांगितली, दोनदा सांगितली. पण सुखाची बातमी आधी घरात शिरली, की मागून आलेल्या शंकेला कुणी बसायला पाट देत नाही. गोळ्यांची डबी फळीवर कापडाच्या चिंध्यांमागं गेली. केंद्रात चल म्हटलं की त्याला काम असे. रिपोर्ट काढ म्हटलं की ते सापडत नसत. तो खोटं बोलत होता असंही नाही. त्याला ते सापडायला नको होते.

आणि एक गोष्ट तुरतुरीनं कुणालाच सांगितली नाही. तिला ते आवडत होतं. मागच्या खोलीतली हातोडी परत भराभर पडू लागली, तशी ती यंत्राच्या तालावर यायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या बरोबरीनं कुणीतरी पळत होतं. ती कापड संपवून मागं जाई तेव्हा सांगाडा तयार असे. दोघं जेवताना अर्धी उठलेली असत आणि एकमेकांकडं बघून हसत. म्हणून ती केंद्राचा विषय काढी खरी, पण एकदा काढून सोडून देई. दुसऱ्या कुठल्या गोष्टीत ती अशी एकदा सांगून थांबलेली कुणी पाहिलीय?

वहिनीनं पाहिलं. "वन्सं," ती एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुमच्या थुंकीवर माझा नवरा वाळत चाललाय."

"मी त्याला सांगितलंय."

"तुम्ही सांगितलंत की माणूस कामाला लागतो. हे लागले नाहीत, म्हणजे तुम्ही सांगितलं नाहीत."

तुरतुरी पुढच्या खोलीत गेली. जायची सवय कामी आली.

दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या आल्या होत्या, सगळ्या एका मापाच्या, हिरव्या रेक्झिनच्या. खिळ्या त्यांच्यावर तुटून पडला होता. तुरतुरी यंत्रावर होती. मागची हातोडी एकदा चुकली, लाकडावर वाजली. मग परत चुकली. मग थांबली. ती वळून बघते तो खिळ्या सांगाड्याला धरून उभा, हात थरथरताहेत, तोंड पांढरं, आणि गाल खिळ्यांनी फुगलेले. त्याला श्वास घ्यायचा होता आणि तोंड उघडायची भीती वाटत होती.

वहिनी कुठून आली कळलं नाही. "थुंका!" ती ओरडली. त्या बाईचा असा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. "थुंका आधी!"

तो वाकला. खिळे फरशीवर पडले, लाळेत भिजलेले, पाठोपाठ. तुरतुरीनं त्याला उघड्या स्प्रिंगांवर तसंच बसवलं आणि मनगट धरलं.

छाती पळते म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिची साठ वर्षं पळत होती. पण तिची पळायची ती एका रांगेत, यंत्राच्या टाक्यासारखी. ही वेगळीच होती. पोत्यात उंदीर सापडावा तशी. दोन उड्या, थांबली, चार उड्या, अडखळली. तिनं दुसऱ्या हातानं स्वतःची नाडी चाचपली. मग परत त्याची. पुन्हा स्वतःची.

"हे माझ्यासारखं नाही," ती म्हणाली. "खिळ्या, हे माझ्यासारखं नाहीये. चल ऊठ."

"ताई, बाबांचं पण..."

"बाबा मेले. ऊठ."

दवाखान्यात त्याला एक दिवस ठेवून घेतलं. हृदय ताळ्यावर आणणारं औषध दिलं, जुन्या गोळ्या परत सुरू केल्या, थुंकीच्या निकालाची वाट बघत बसले नाहीत. वहिनीनं रिपोर्टही आणून दिले. ते तिला ताबडतोब सापडले होते. केंद्रातली डॉक्टरीणबाई स्वतः आली, नळी घेऊन. खिळ्याच्या तोंडात सकाळपासून काही गेलं नव्हतं. खाटेच्या कडेला तुरतुरी उभी होती.

"तुम्ही बाहेर," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"मी फक्त..."

"बाहेर, बाई. त्यांची त्यांना थुंकू दे."

तुरतुरी बाहेर बाकावर जाऊन बसली. बसली म्हणजे उठली, परत बसली. जी गोष्ट दुसऱ्यासाठी करून टाकता येत नाही ती बाहेर बसून सोसायची, हा धडा तिला या वयात मिळत होता.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईनं दोघांना एकत्र बोलावलं. रिपोर्ट बघून अंदाज आलाच होता, ती म्हणाली. ताईंसारखं असतं तर डोक्यात जी हुकूम देणारी ग्रंथी असते ती गळ्यातलीला काम करायला सांगतच राहिली असती. यांची डोक्यातली केव्हाच गप्प झालीय, आणि गळ्यातली कुणाचं न ऐकता सुटलीय. जनुकातही तो बदल नाही. साधं, नेहमीचं दुखणं आहे, मागून झालेलं. त्याला इलाज आहे.

"म्हणजे माझ्यात नाही," खिळ्या म्हणाला.

"नाही."

"नक्की माझीच होती ना थुंकी?"

"या वेळी होती."

परत येताना दोघं रस्त्याच्या कडेनं चालत होती. तुरतुरी चार पावलं पुढं जाई आणि थांबे. असं त्यांचं लहानपणापासूनच होतं. मधली दोन वर्षं तेवढी नव्हतं.

"तुझं ते मूळचं," खिळ्या मागून म्हणाला. "माझं आजारपण."

"तुझं बरं तरी होईल. माझं मला मरेपर्यंत पुरणार."

"तसं नाही ग. लोक म्हणत होते ना, बाबांचा हात आला म्हणून. मला वाटलं, आला. वाटलं, मी पण या घरातला."

ती थांबली. तो येऊन पोचेपर्यंत थांबली, आणि मग त्याच्या चालीनं चालायला लागली. ते तिला अवघड जात होतं. पाय अडखळत होते.

"मला पण कुठं कळलंय," ती म्हणाली. "साठ वर्षं लोक म्हणाले, काय हो ही बाई कामाला वाघ. मी फुशारले. आता म्हणतात, ते तुमचं कर्तृत्व नाही, तुमच्या शरीराचे कान जड आहेत. मग मी केलं काय? आणि तुला गोगलगाय म्हणाले जन्मभर, त्याचं काय करू? माझं मला फुकट मिळालं होतं आणि मी तुला मात्र त्यावरून टोचत होते."

"टोचतेस तू छान."

"गप."

"बाबांची खुर्ची आठवते?" खिळ्या म्हणाला. "त्यांनी ठोकलेली? एका बाजूचं कापड कायम सुटायचं. आठवड्याला एकदा मी बसवायचो. त्यांना सांगितलं नाही कधी."

तुरतुरी हे पहिल्यांदा ऐकत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो समोर बघून चालत होता, सावकाश, आणि चेहरा उतरलेला होता, पण घाम नव्हता.

दुकानात आल्यावर त्यानं चिंध्यांमागची जुनी डबी काढून फेकून दिली आणि दवाखान्यातून आणलेली नवी पाकिटं चहाच्या कपांच्या फळीवर सरळ मांडून ठेवली. एक गोळी पाण्याबरोबर घेतली. वहिनी दारात उभी राहून बघत होती. या वेळी त्यानं तोंड वेडंवाकडं केलं नाही.

मग तो मागच्या खोलीत गेला. हिरव्या खुर्च्या अर्धवट पडल्या होत्या. त्यानं एकेक हातात घेऊन पाहिली. घाईच्या दिवसांत ठोकलेल्या दोन-तीन त्यानं बाजूला काढल्या, बोटानं कडा चाचपल्या आणि म्हणाला, "या उसवाव्या लागतील."

"उसवाव्या? त्या परवा द्यायच्यात!" तुरतुरीच्या तोंडून गेलंच.

खिळ्यानं फोन उचलला. गिऱ्हाइकांना फोन करायचं काम आजवर त्यानं कधी केलं नव्हतं. "नमस्कार," तो म्हणाला, "खुर्च्यांचं बोलतोय. परवा होणार नाहीत. पुढच्या आठवड्यात देतो. नाही, काही अडचण नाही. मला वेळ लागतो."

पलीकडून काहीतरी बराच वेळ बोलत होते. तो ऐकत होता. तुरतुरी शेजारी उभी होती, आणि फोन हिसकावून एका वाक्यात सगळं निस्तरून टाकावं असं तिला इतकं वाटत होतं, की तिनं दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

"हो," खिळ्या शेवटी म्हणाला. "पण नीट होतील."